क्षमा कोणाकडे मागायची? : अमेरिकन यादवी युद्धानंतरची ख्रिस्ती प्रणयकादंबरी

महात्मा जोतीराव फुले यांचा 'गुलामगिरी' हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना तो अर्पण केलेला आहे, ही गोष्ट मराठी वाचकाला सुपरिचित आहे. मात्र या अर्पणपत्रिकेकडे आपण बहुधा फुल्यांच्या विचारविश्वाचा पुरावा म्हणूनच पाहतो. अमेरिकेतील यादवी युद्धाचे जे अर्थ त्या काळात लावले जात होते त्यांपैकी एक स्वतंत्र अन्वयार्थ म्हणून तिच्याकडे पाहण्याची आपल्याला सवय नाही. फुल्यांच्या लेखी त्या युद्धाचा मध्यवर्ती अर्थ एकच होता : सुमारे चाळीस लाख माणसे दास्यातून सुटली. मुंबईच्या व्यापाऱ्यांना त्याच युद्धाने वेगळाच अर्थ शिकवला होता. अमेरिकेचा कापूस बंद पडताच आलेली तेजी आणि १८६५ साली युद्ध संपताच कोसळलेले शेअर, हा त्यांचा अनुभव होता. खुद्द अमेरिकेत हा अर्थ लावण्याचे काम व्याख्यानांनी केले, सेनापतींच्या आत्मचरित्रांनी केले, स्मारकांनी केले. आणि कादंबऱ्यांनीही केले. या कादंबऱ्यांपैकी एका प्रकाराची चर्चा प्रस्तुत लेखात करावयाची आहे. तो प्रकार म्हणजे ख्रिस्ती प्रणयकादंबरी.

हा प्रकार समीक्षकांच्या आदराचा विषय कधीच नव्हता. विद्यापीठीय अभ्यासक्रमात त्याला प्रवेश नाही, वाङ्मयेतिहासात त्याला फार तर एखादे तुच्छतादर्शक वाक्य मिळते. त्याचा वाचकवर्ग मात्र अफाट आहे. जॅनेट ओक या कॅनेडियन लेखिकेची 'लव्ह कम्स सॉफ्टली' ही कादंबरी बेथनी हाउस या ख्रिस्ती प्रकाशनसंस्थेने १९७९ साली प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर अमेरिकेतील इव्हँजेलिकल वाचकांसाठी ऐतिहासिक प्रणयकादंबऱ्यांचा एक स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला. लिन नील हिने 'रोमान्सिंग गॉड' (२००६) या ग्रंथात या कादंबऱ्यांच्या वाचकस्त्रियांचा गांभीर्याने अभ्यास केला आहे. या कादंबऱ्यांना जे काळ पुन्हापुन्हा खुणावतात त्यांत यादवी युद्धाचा आणि त्यानंतरच्या पुनर्रचनेचा (१८६५-७७) काळ ठळकपणे दिसतो. असे का व्हावे? पडके वाडे, घोळदार झगे आणि जखमी सैनिक यांचे आकर्षण हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. या वाङ्मयप्रकाराचा गाभा पश्चात्ताप आणि क्षमा हा आहे. आणि ज्या समाजाने एक प्रचंड अपराध केला, त्यासाठी युद्ध केले व ते गमावले, त्या समाजाइतकी पश्चात्तापाला अनुकूल भूमी दुसरी कोणती असणार? अडचण एवढीच आहे, की या कादंबऱ्यांत क्षमा भरपूर मागितली जाते आणि भरपूर दिली जाते. परंतु ती ज्याच्याकडे मागायला हवी तो मनुष्य बहुधा त्या खोलीत नसतो.

या प्रकाराच्या रूपबंधाचा प्रथम विचार करू. त्यात दोन कथानके एकमेकांत विणलेली असतात. एक प्रीतीचे, दुसरे तारणाचे. नायक किंवा नायिका श्रद्धेपासून दुरावलेली असते. प्रेमपात्राच्या सहवासात वा विरहात तिला स्वतःच्या पापाची जाणीव होते. पश्चात्ताप होतो, क्षमा मिळते आणि त्यानंतरच विवाह शक्य होतो. देवाशी समेट झाल्याखेरीज माणसाशी विवाह नाही, हा या प्रकाराचा अलिखित नियम आहे. मराठी वाचकाला हा रूपबंध अगदीच अपरिचित नाही. बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) मध्ये पतिनिधनानंतर यमुना ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि तिचा पुनर्विवाह होतो. पदव्युत्तर वर्गात ही कादंबरी शिकवताना एक प्रश्न हमखास येतो : बाप्तिस्मा झाला, लेखकाचा हेतू सफल झाला; मग शेवटी लग्न कशासाठी? याचे उत्तर विधवाविवाहाच्या पुरस्कारात जसे आहे तसे ते रूपबंधातही आहे. धर्मांतराने जुना समाज सुटतो. नवा समाज लाभला हे कथेत दाखवावे लागते, आणि विवाह हा समाजाचा सर्वांत लहान, डोळ्यांना दिसणारा घटक होय.

'यमुनापर्यटन'चा उल्लेख केवळ साम्यासाठी केलेला नाही. त्यात आणि अमेरिकन कादंबऱ्यांत एक मूलभूत फरक आहे, आणि तो या लेखाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. बाबा पदमनजींच्या कथेत जिच्यावर अन्याय झाला तीच तारण पावते. विधवेचे दुःख हा कादंबरीचा विषय आहे आणि विधवा हीच तिची नायिका आहे. यादवी युद्धानंतरच्या अमेरिकन प्रणयकादंबरीत तारण पावतो तो ज्याने, अथवा ज्याच्या वर्गाने, अन्याय केला तो. ज्याच्यावर अन्याय झाला तो स्वयंपाकघरात असतो, शेतावर असतो, किंवा कथेत कोठेच नसतो. पश्चात्तापाची कथा अपराध्याच्या दृष्टिकोनातून सांगावी लागते हे मान्य केले, तरी ख्रिस्ती धर्मशास्त्र त्याला एवढ्या सहजासहजी मोकळे सोडत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील शिकवण अशी आहे, की वेदीपाशी अर्पण आणलेल्या माणसाला आपल्याविरुद्ध कोणाचे गाऱ्हाणे आहे असे आठवले, तर त्याने अर्पण तेथेच ठेवावे, आधी त्या बंधूकडे जाऊन समेट करावा आणि मग परत यावे. म्हणजे देवाकडे जाणारी वाट ज्याचा अपराध केला त्याच्या दारावरून जाते. ही कसोटी बाहेरून लादलेली नाही. या कादंबऱ्या ज्या ग्रंथाला प्रमाण मानतात त्याच ग्रंथाची ती कसोटी आहे. म्हणून तीच त्यांना लावून पाहणे न्याय्य ठरेल.

युद्ध संपून वर्षदीड वर्ष उलटते न उलटते तोच 'सेंट एल्मो' ही कादंबरी न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाली (१८६६). तिची लेखिका ऑगस्टा जेन इव्हान्स अलाबामातील मोबील शहरची. ती दक्षिणेची कडवी पक्षपाती होती. युद्ध चालू असतानाच तिने 'मकारिया' (१८६४) ही कादंबरी लिहून ती दक्षिणेच्या सैन्याला अर्पण केली होती. पराभवानंतर दक्षिणी महासंघाचा इतिहास लिहिण्याचा तिचा मनोदय होता. तो बाजूला ठेवून तिने ही प्रणयकथा लिहिली. आणि या प्रणयकथेत युद्ध नाही. लुकआउट पर्वताच्या पायथ्याशी, टेनेसीत, कथा सुरू होते. तो परिसर १८६३ साली रणभूमी झाला होता, हे तेव्हाच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक होते. कादंबरीत मात्र तेथे पहिल्याच प्रकरणांत मृत्यू घडतो तो द्वंद्वयुद्धात. लोहाराची अनाथ नात एड्ना अर्ल तो मृत्यू पाहते आणि ते दृश्य तिच्या मनातून पुढे कधीच पुसले जात नाही.

द्वंद्वयुद्ध हीच या कादंबरीची नैतिक धुरी आहे. एड्नाला ज्या श्रीमंत घरात आश्रय मिळतो त्या घरचा मुलगा सेंट एल्मो मरे हा बायरनच्या नायकांच्या जातीचा. उद्धट, विद्वान, श्रद्धाहीन. त्याने पूर्वी आपल्या जिवलग मित्राला द्वंद्वात ठार केलेले आहे, आणि तो मित्र म्हणजे गावच्या वृद्ध पाळकाचा, हॅमंडचा, मुलगा. एड्ना त्याच हॅमंडकडे ग्रीक-लॅटिन शिकते, लेखिका म्हणून कीर्ती मिळवते, सेंट एल्मोवर तिचे प्रेम असूनही त्याचा स्वीकार करायला नकार देते; कारण त्याच्या हाताला रक्त लागलेले आहे. अखेरीस सेंट एल्मोला पश्चात्ताप होतो. तो धर्मोपदेशक बनतो, आणि ज्याचा मुलगा त्याने मारला तो बाप त्याला क्षमा करतो. त्यानंतरच विवाह होतो. (विवाहानंतर एड्नाने लेखन थांबवावे असे नवरा सुचवतो आणि कादंबरी त्यालाही आशीर्वादच देते. स्वतः इव्हान्स मात्र १८६८ साली लग्न झाल्यावरही लिहीत राहिली, ही गंमत येथे नोंदवून ठेवायला हरकत नाही.)

येथे मत्तयाची कसोटी तंतोतंत पाळलेली आहे, हे लक्षात घ्यायला हवे. सेंट एल्मोचा समेट परस्पर देवाशी होत नाही. तो मृताच्या बापाकडे जातो. क्षमा म्हणजे काय, ती कोणाकडे मागायची, ती मागण्यापूर्वी किती वर्षे झुरावे लागते, या साऱ्याची इव्हान्सला सूक्ष्म जाण आहे. म्हणूनच तिची अंधता अधिक बोलकी ठरते. पिएर माशरे याने १९६६ साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो : संहितेचे बोलणे तिच्या न बोलण्यावर उभे असते. 'सेंट एल्मो'मध्ये गुलामांच्या श्रमावर चाललेले घर आहे, पण गुलामगिरी हा प्रश्न नाही. रक्ताने माखलेला हात आहे, पण युद्ध नाही. पराभव नाही, पण गर्विष्ठ माणसाचे गुडघे टेकणे आहे. एका संपूर्ण वर्गाचा अपराध एका पुरुषाच्या एका गोळीत आकुंचित केलेला आहे. त्या गोळीची क्षमा मागता येते. ती देऊ शकणारा मनुष्य शेजारीच राहतो, तो गौरवर्णी आहे, सुशिक्षित आहे, नायकाच्याच वर्गातला आहे. उत्तरेतल्या वाचकांनीही ही कादंबरी डोक्यावर घेतली. त्यांनाही असा अपराध सोयीचा होता.

उत्तरेकडे या सुमारास वेगळी गरज होती. युद्धात मेलेल्या सैनिकांची संख्या सहा लाख वीस हजार असल्याचे दीर्घकाळ मानले जात असे. डेव्हिड हॅकर याने २०११ साली जनगणनेच्या आधारे ती साडेसात लाखांच्या आसपास नेली. आकडा कोणताही घेतला तरी घरोघरी शोक होता, आणि अनेकांना आपल्या माणसाचे प्रेतही दिसले नव्हते. एलिझाबेथ स्टुअर्ट फेल्प्स हिची 'द गेट्स अजार' (१८६८) ही या शोकाची कादंबरी होय. भाऊ युद्धात मारला गेलेली मेरी, आणि स्वर्ग हे घरासारखेच घर आहे, तेथे आपली माणसे आपल्याला ओळखीच्या रूपात भेटतील, असे तिला समजावणारी विनिफ्रेड मावशी, एवढेच तिचे कथानक. फेल्प्सचे वडील अँडोव्हरच्या धर्मशिक्षण संस्थेत प्राध्यापक होते. १८१३ साली मुंबईत उतरलेला अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल त्याच संस्थेचा विद्यार्थी; तेव्हा जी कॅल्विनपंथी कठोर धर्मसमजूत अमेरिकन मराठी मिशनबरोबर आपल्याकडे आली, तिच्या माहेरघरातच ही बंडखोरी झाली असे म्हणता येईल. काटेकोर अर्थाने ही प्रणयकादंबरी नव्हे. पण युद्धोत्तर ख्रिस्ती कथेचा एक मार्ग तिने आखून दिला. युद्धाचा प्रश्न तिने न्यायाच्या क्षेत्रातून सांत्वनाच्या क्षेत्रात नेला. भाऊ कशासाठी मेला हे मेरी विचारत नाही. तो आता कोठे आहे, हे विचारते. शोकाकुल स्त्रीने असे विचारणे स्वाभाविकच आहे, आणि तिच्यावर ठपका ठेवणे निर्दयपणाचे होईल. परंतु एक संपूर्ण वाचकसमाज तेच विचारू लागतो तेव्हा त्याची गणना इतिहासात करावी लागते.

जॉन विल्यम डी फॉरेस्ट याच्या 'मिस रॅव्हनेल्स कन्व्हर्शन फ्रॉम सिसेशन टु लॉयल्टी' (१८६७) या कादंबरीचे नाव येथे केवळ शीर्षकासाठी घ्यायचे. लेखक उत्तरेच्या सैन्यातील अधिकारी होता, कादंबरी वास्तववादी आहे, धार्मिक नाही. तरीही दक्षिणी तरुणीचे मतांतर सांगताना त्याला धर्मांतराचाच शब्द सुचला, आणि ते मतांतर पूर्ण झाल्याची खूण म्हणून उत्तरेकडील अधिकाऱ्याशी तिचा विवाहच लावावा लागला. पुढच्या दोनतीन दशकांत उत्तरेचा वर आणि दक्षिणेची वधू ही जोडी अमेरिकन कथासाहित्यात सर्रास दिसू लागली. नीना सिल्बर हिने 'द रोमान्स ऑफ रियुनियन' (१९९३) मध्ये या रूपकाचा राजकीय अर्थ उलगडून दाखवला आहे : दोन प्रदेशांच्या समेटाला विवाहाचे रूप मिळाले, आणि मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांचा प्रश्न त्या लग्नमंडपाबाहेर राहिला. तिच्या विवेचनात धर्मसंवेदनेला जेवढे स्थान मिळावे तेवढे मिळालेले नाही असे मला वाटते. विवाहाच्या रूपकाला बळ आले ते क्षमेच्या ख्रिस्ती परिभाषेमुळे.

त्या परिभाषेचा सर्वांत वैभवशाली आविष्कार 'बेन-हर' (१८८०) मध्ये झाला. 'बेन-हर' म्हटले की आपल्याला चित्रपटातील रथांची शर्यत आठवते. लू वॉलेस हा उत्तरेच्या सैन्यात मेजर जनरल होता, हे आपण विसरतो. शायलोच्या लढाईत (१८६२) आपली तुकडी उशिरा पोहोचल्याचा ठपका त्याच्यावर आला, आणि तो शल्यासारखा त्याला आयुष्यभर सलत राहिला. लिंकनच्या मारेकऱ्यांवरील खटल्याच्या लष्करी न्यायमंडळात तो होता. अँडरसनव्हिलच्या कुप्रसिद्ध बंदिछावणीचा प्रमुख हेन्री वर्झ याला फाशी देणाऱ्या न्यायमंडळाचा तो अध्यक्ष होता. शिक्षा, सूड आणि क्षमा यांचा असा अनुभव असलेल्या माणसाने पहिल्या शतकातील यहूदियाची कथा लिहिली. न्यू मेक्सिको प्रांताचा गव्हर्नर असताना त्याने ती पूर्ण केली.

या कादंबरीचा नायक जिंकलेल्या, अपमानित देशाचा पुत्र आहे. बालमित्राच्या विश्वासघाताने तो गलबतावरचा वल्हेकरी गुलाम होतो, सुटतो, सूड घेतो, सैन्य उभारतो आणि अखेर क्रुसापाशी तलवारीचा मार्ग सोडतो. पराभूत दक्षिणेच्या वाचकाला या यहुदी राजपुत्रात स्वतःला पाहणे कठीण नव्हते. लेखक शत्रुपक्षाचा सेनापती असूनही दक्षिणेत तो वाचला गेला, याचे कारण येथे शोधता येईल. पण मला अधिक अर्थपूर्ण वाटते ते सिमॉनिडीस या पात्राचे उपकथानक. सिमॉनिडीस हा हर घराण्याचा दास. आपल्या धन्याची संपत्ती रोमनांच्या हाती पडू नये म्हणून त्याने छळ सोसला, शरीराने पंगू झाला, आणि पुढे व्यापार करून ती संपत्ती अनेक पटींनी वाढवली. बेन-हर परत येतो तेव्हा तो सर्व धन त्याच्यापुढे ठेवतो आणि स्वतःलाही त्याच धनाचा भाग म्हणून स्वाधीन करतो. बेन-हर उदार आहे. तो धन परत देऊ करतो. त्याला मुक्त करायलाही तो तयार आहे. तेव्हा सिमॉनिडीस सांगतो, की कायद्याने आपल्याला मुक्त करताच येणार नाही. कारण एके दिवशी तो स्वेच्छेने धन्याबरोबर दारापाशी गेला होता आणि आरीने टोचलेल्या कानाची खूण अजून त्याच्या अंगावर आहे. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायातील नियमाचा हा आधार आहे : ज्या दासाला सुटून जायचे नाही, त्याचा कान दाराला लावून टोचावा. राहेल ही त्याची प्रेयसी दासी होती. तिच्याशी विवाह व्हावा म्हणून त्याने हे कायमचे दास्य पत्करले.

हे वाचताना थांबावे लागते. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने ज्या देशात गुलामगिरी संपली, त्या देशात, ती संपवणाऱ्या सैन्यातल्या एका सेनापतीने, पंधरा वर्षांनी असा एक दास निर्माण केला, की ज्याला मुक्ती नको आहे. वॉलेस गुलामगिरीचा समर्थक नव्हता. पण त्याच्या कथेला क्षमेच्या व औदार्याच्या देवाणघेवाणीत दासाकडून गाऱ्हाणे नको होते; निष्ठा हवी होती. फ्रेडरिक जेमसन ज्याला वास्तवातील विसंगतीचे कथेने केलेले काल्पनिक निरसन म्हणतो (१९८१), त्याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. धनी द्यायला तयार आहे, दास घ्यायला तयार नाही. मग अपराध उरतो कोठे? आणि दासाची मुलगी एस्तेर हिच्याशी नायकाचा विवाह होतो. विवाहाने उरलेसुरले देणे फिटते.

आता एकदम आपल्या काळाजवळ येऊ. लिन ऑस्टिन ही आजच्या ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबरीतील मान्यवर लेखिका. तिच्या 'ऑल थिंग्ज न्यू' (२०१२) या कादंबरीचा काळ युद्ध संपल्यानंतरचे पहिले महिने हाच आहे. शीर्षक प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायातून घेतलेले आहे. रिचमंडजवळच्या उद्ध्वस्त मळ्यावर परत आलेली, युद्धात घरची माणसे गमावलेली यूजिनिया. देवाने आपल्या प्रार्थना ऐकल्या नाहीत म्हणून श्रद्धा ढासळलेली तिची मुलगी जोसेफिन. आणि कालपर्यंत याच घराची गुलाम असलेली लिझी, अशा तीन स्त्रियांच्या दृष्टिकोनांतून कथा सांगितली जाते. फ्रीडमेन्स ब्यूरोचा उत्तरेकडील अधिकारी अलेक्झांडर चँडलर हा प्रीतिकथेचा नायक. मुक्त गुलामांच्या मुलांसाठी शाळा निघते, आणि ती शाळा गौरवर्णीयांना सलते.

'सेंट एल्मो'पासून येथवर किती मोठे अंतर कापले गेले आहे! दासीला नाव आहे, नवरा आहे, मुले आहेत, भीती आहे, आणि मुख्य म्हणजे निवेदनात तिचा स्वतःचा वाटा आहे. मुक्ती म्हणजे नेमके काय, उद्या सकाळी उठून चूल कोणाची पेटवायची, मजुरी मिळणार की नाही, हे प्रश्न लिझीच्या प्रकरणांत येतात. या प्रकाराला तुच्छ लेखणाऱ्यांनी ही कादंबरी अवश्य वाचावी. तरीही रूपबंधाची पकड सुटत नाही. तारणाचे आणि विवाहाचे कथानक जोसेफिनचेच राहते. उत्तरेचा वर, दक्षिणेची वधू, ही डी फॉरेस्टच्या काळची जोडी दीडशे वर्षांनंतरही वेदीपाशी उभी आहे. लिझीचे लग्न आधीच झालेले असल्यामुळे रूपबंधाला तिच्यासाठी द्यायला फारसे काही नाही. येथे दोष लेखिकेच्या सद्भावनेचा नव्हे. विवाह हाच समेटाचा परमोच्च क्षण मानला की ज्यांच्यात विवाह संभवतो त्यांच्यातच समेट दिसू शकतो. धनीण आणि दासी यांच्यातील देण्याघेण्याला या व्याकरणात क्रियापदच नाही.

मग दुसरे व्याकरण संभवत होते का? होते, आणि ते फार पूर्वी लिहिले गेले होते. फिलाडेल्फियातून निघणाऱ्या 'ख्रिश्चन रेकॉर्डर' या आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चच्या नियतकालिकात १८६९ साली 'मिनीज सॅक्रिफाइस' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. लेखिका फ्रान्सिस एलेन वॉटकिन्स हार्पर : मुक्त कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मलेली, गुलामगिरीविरुद्ध गावोगाव व्याख्याने देणारी. फ्रान्सिस स्मिथ फॉस्टर या विदुषीने १९९४ साली ती पुन्हा उजेडात आणेपर्यंत वाङ्मयेतिहासाला तिचा पत्ता नव्हता. काही हप्ते असलेले अंक तर अजूनही मिळालेले नाहीत. मिनी आणि लुई दोघेही गौर म्हणून वाढलेले. आपण गुलाम मातेच्या पोटी जन्मलो हे कळल्यावर ती ओळख दोघेही पत्करतात, विवाह करतात आणि युद्धानंतर दक्षिणेत जाऊन मुक्त झालेल्यांमध्ये काम करू लागतात. विवाहाने ही कथा संपत नाही. विवाहानंतरच तिचे खरे कथानक सुरू होते, आणि मिनीचा त्यात बळी जातो.

ज्या पत्रात ही कादंबरी छापली जात होती, त्याच पत्रात हरवलेल्या नातलगांच्या शोधाच्या जाहिराती येत. आई कोणत्या गावी विकली गेली, धन्याचे नाव काय होते, भावाच्या अंगावर कोणती खूण होती, असा मजकूर. न्यू ऑर्लिन्सच्या 'साउथवेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट'मध्ये यासाठी एक सदरच चाले, आणि ती पत्रे पाळकांनी व्यासपीठावरून वाचून दाखवावीत अशी विनंती असे. हार्परच्या वाचकांपैकी कित्येकांनी आधी ही जाहिरात वाचली असेल आणि मग कादंबरीचा हप्ता. हा संदर्भ ध्यानात घेतला की तिच्या 'आयोला लिरॉय' (१८९२) या अधिक प्रसिद्ध कादंबरीची रचना उलगडते. आयोला मळेवाल्याची मुलगी म्हणून वाढते. बापाच्या मृत्यूनंतर आईचा विवाह अवैध ठरवला जातो आणि मुलगी गुलाम म्हणून विकली जाते. उत्तरेचे सैन्य तिची सुटका करते, ती इस्पितळात परिचारिका होते. पुढचे कथानक शोधाचे आहे. आयोलाला आई शोधायची आहे, भाऊ शोधायचा आहे. रॉबर्ट जॉन्सन या सैनिकाला त्याची आई शोधायची आहे, आणि पुढे तो आयोलाचा मामाच निघतो.

या कादंबरीतील समेटाचा परमोच्च क्षण वेदीपाशी नव्हे, प्रार्थनासभेत घडतो. एक वृद्ध स्त्री उठून आपली साक्ष देते : लेकरे कशी तुटली, देवाने कसे धरून ठेवले. साक्ष देणे हा अशा सभांचा नित्याचाच विधी; श्रोत्यांपैकी कोणाला त्यात नवे काही वाटण्याचे कारण नाही. रॉबर्ट मात्र ऐकता ऐकता सावध होतो, प्रश्न विचारू लागतो, आणि ती त्याची आई असल्याचे उघड होते. मत्तयाच्या अध्यायातील वाट येथे उलट्या दिशेने चालली आहे. ज्यांच्यावर अन्याय झाला ते वेदीपाशी आधीपासूनच बसलेले आहेत. त्यांचे गाऱ्हाणे हीच त्यांची उपासना आहे. ज्याने अन्याय केला तो मात्र क्षमा मागायला तेथे आलेला नाही, आणि त्याच्यावाचून कथा अडून राहत नाही. ज्या नैतिक प्रश्नाला गौरवर्णीय लेखिका पश्चात्तापाच्या बाजूने भिडत होत्या त्याला हार्पर साक्षीच्या बाजूने भिडते. भावविवशता तिच्याही लेखनात आहे. तिची पात्रे कधीकधी व्याख्याने देतात, आणि सुशिक्षित पात्रांची भाषा पुस्तकी होते तेव्हा कंटाळाही येतो. पण त्या सभेच्या प्रसंगात एकही शब्द पुस्तकी नाही.

प्रणयाचा धागा हार्परनेही सोडलेला नाही, आणि तो ज्या रीतीने ती हाताळते त्यात रूढ रूपबंधाचे जाणतेपणाने केलेले खंडन आहे. इस्पितळातील डॉ. ग्रेशम हा न्यू इंग्लंडचा, सज्जन, उदारमतवादी, आयोलावर मनापासून प्रेम करणारा. सिल्बरने वर्णिलेल्या कथांतला तो आदर्श वर आहे. आयोला त्याला दोनदा नकार देते आणि पुढे आपल्याच समाजातील डॉ. लॅटिमर याच्याशी विवाह करते. ग्रेशमला दुर्जन ठरवण्याचा सोपा मार्ग हार्पर घेत नाही. तो अखेरपर्यंत आदरणीयच राहतो. तो तिला मागणी घालतो तेव्हा ती एवढेच विचारते, की आपल्याला मुले झाली आणि त्यांतल्या एखाद्याच्या वर्णावर माझ्या वंशाची खूण स्पष्ट उमटली, तर? ग्रेशमचा चेहरा लाल होतो, आणि तो क्षणभर अडखळतो.